येळवशीचा एक दिवस: लहानपणावरचा छोटा गेम टीमने पुरा कसा करावा

कॉलेजातली टीम लहानपणावर गेम करायला बसली की पहिल्या बैठकीत अख्खं गाव मांडते. शाळा, नदी, जत्रा, पोळा, हुरडा, विटीदांडू, आजोळ, सगळंच हवं असतं. तिसऱ्या आठवड्यात चौदा जागांची कच्ची चित्रं तयार होतात आणि एकाही जागेत धड चालता येत नाही. चार-पाच जणांची टीम, बारा आठवडे, त्यात परीक्षा आणि भारनियमन. एवढ्यात वीस मिनिटांचा गेम होतो, त्याहून मोठा होत नाही. म्हणून माझा आग्रह असतो की एकच दिवस घ्यावा आणि त्या दिवसात एकच उणीव ठेवावी.

या लेखात उदाहरण म्हणून येळवस घेतली आहे. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर, धाराशिव आणि लगतच्या भागात गावंच्या गावं शेतात जातात. पंचांगात वेळ अमावस्या म्हणतात, बोलण्यात येळवस. गेमसाठी हा दिवस फार सोयीचा आहे, कारण जागा आपोआप चारच होतात: पहाटेचं घर, गाडीवाट, शेतातली कोप आणि संध्याकाळचं शेत. चढउतारही दिवसातच आहे. पहाटे भज्जी (भाज्या-शेंगांचं कालवण) आणि उंड्यांची (बाजरीच्या पिठाचे गोळे) गडबड, मग डोक्यावर आंबिलाची बिंदगी, म्हणजे लहान घागर, घेऊन वाट, कडब्याच्या पेंढ्यांच्या कोपीत पांडवांची पूजा, चर शिंपणं (शेतात आंबील शिंपडणं), जेवण, आणि अंधार पडताना पेटवलेला हेंडगा, म्हणजे मशाल. वेगळी कथा रचण्याची फार गरजच उरत नाही.

उणीवही त्याच दिवसात आहे. येळवस डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास येते, म्हणजे ऐन ऊसतोडीच्या हंगामात. उचल (आगाऊ मजुरी) घेतलेली जोडपी दिवाळीच्या आगेमागे कारखान्यावर गेलेली असतात आणि कारखाने बंद झाल्यावर, साधारण मार्च-एप्रिलात, परततात. लेकरू आजीपाशी असतं. तर गेमची गोष्ट एका वाक्यात अशी: तिसरीतली पोरगी मायसाठी बाजरीचा एक उंडा राखून ठेवते. उंडा एप्रिलपर्यंत टिकणार नाही हे पोरीच्या हिशेबात नाही, खेळणाऱ्याच्या हिशेबात आहे. लहानपणावरच्या गेममधला सगळा जीव या फरकात असतो, लेकराला काय कळतं आणि खेळणाऱ्याला काय कळतं यात. हे वाक्य कागदावर लिहून भिंतीला चिकटवावं. पुढे कुणी नवी कल्पना आणली की एकच विचारायचं, या वाक्याला तिचा काय उपयोग?

मग क्रिया ठरवाव्यात. तीन पुरतात: चालणं, वस्तू उचलणं-ठेवणं, बोलणं. चौथी क्रिया आली की तिचं ॲनिमेशन, आवाज, बटण आणि चाचणी असं चौपट काम येतं. उलट, आहे त्याच क्रियेला प्रसंगाप्रमाणे अर्थ देता येतो. वाटेवर डोक्यावर बिंदगी असताना पळालं की आंबील सांडतं. यासाठी कोडमध्ये किती सांडलं याचा ० ते १०० असा एक आकडा पुरेसा आहे. चालण्याचा वेग सेकंदाला ६० पिक्सेल, पळण्याचा ११०. सलग अर्ध्या सेकंदाहून जास्त पळालं की आकडा चढायला लागतो, थांबलं की स्थिर राहतो. ६४० पिक्सेल रुंदीचे चार पडदे वाट ठेवली तर चालत ४३ सेकंद आणि पळत साधारण २३ सेकंद लागतात. आंबील सांडलं म्हणून गेम संपवू नये. शेतात पोचल्यावर आजी नुसतं बिंदगीत डोकावते आणि पदराने पोरीचा खांदा पुसते. शिक्षा एवढीच, आणि ती लागते.

फाटे फोडताना टीम बुडतात, त्याचं गणित सरळ आहे. दोन-दोन पर्यायांच्या तीन निवडी पूर्ण वेगळ्या वाटांनी नेल्या तर आठ शेवट होतात, पाच निवडींचे बत्तीस. म्हणून वाटा लगेच एकत्र आणाव्यात, निवड फक्त चलात (व्हेरिएबलमध्ये) नोंदवावी आणि पुढे एक-दोन ठिकाणी तिचा पडसाद द्यावा. चुलीपाशचा प्रसंग असा लिहिता येईल:

आजी: काय शोधायलीस गं चुलीपाशी?
पोरगी: उंडा. एक ठेवायचाय.
आजी: कुणाला?

इथे तीन पर्याय: “मलाच, उद्याला”, “मायला”, आणि गप्प राहणं. तिन्ही पर्यायांनंतर उंडा फडक्यात बांधलाच जातो. “मायला” म्हटलं तर आजी दोन सेकंद काही बोलत नाही, फक्त चुलीचा आवाज राहतो. मग म्हणते, “फडक्यात बांध. वर ठेव, मांजर येतंय.” दोन सेकंदांचा तो थांबा संवादाच्या फाइलमध्ये लेखकानेच लिहून ठेवावा. प्रोग्रामरवर सोडला तर तो गळतो. गप्प राहणं हा पर्याय निवडणाऱ्याला संध्याकाळी हेंडगा फिरवताना आजी स्वतःहून मायचा विषय काढते, एवढाच पडसाद.

शब्दांचा हिशेबही आधीच करावा. वीस मिनिटांपैकी निम्मा वेळ चालण्यात आणि हाताच्या कामात जातो. उरलेली दहा मिनिटं, मिनिटाला १२० शब्द धरले, तर एका खेळात १,२०० शब्द वाचले जातात. पर्यायांसकट एकूण लेखन दोन-अडीच हजारांवर जाऊ देऊ नये. पहिल्या खर्ड्यात आठ-नऊ हजार झाले असतील तर जास्तीचे बहुतेक शब्द पोरगी मोठी होऊन मागे वळून बोलते अशा निवेदनाचे निघतात. ते सगळं काढावं. नऊ वर्षांच्या पोरीला आपलं लहानपण चाललंय हे माहीत नसतं.

बोलीचा एक तक्ता पहिल्याच दिवशी करावा. माय ठरलं तर कुठेही आई येऊ द्यायची नाही. “काय करायलीस”, “कुठं जायलीस” ही क्रियापदाची रूपं ठेवावीत, बाकी शब्द शक्यतो नेहमीच्या लेखनाप्रमाणे लिहावेत. प्रत्येक शब्द उच्चारानुसार लिहिला की वाचणारा अडखळतो आणि गावचं माणूस बोलतंय असं वाटण्याऐवजी नक्कल वाटते. लातूरकडचं बोलणं आणि नांदेड-परभणीकडचं बोलणं एक नाही, त्यामुळे तालुका ठरवून त्याच भागातल्या एका वयस्क बाईकडून सगळे संवाद मोठ्याने वाचून घ्यावेत. ती जिथे थांबून वेगळं म्हणेल तिथे तिचं घ्यावं.

आता साधनं. पहिले दोन आठवडे ट्वाइनमध्ये नुसता मजकूर जोडावा. चित्र नाही, आवाज नाही. ब्राउझरमध्ये चालतं, फुकट आहे, आणि गोष्ट लंगडी असेल तर तिथेच दिसतं. त्यानंतर गोडो ४ हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर. तेही फुकट आणि मुक्तस्रोत, आणि लॅबमधल्या जुन्या मशीनवर ‘कंपॅटिबिलिटी’ रेंडरर (चित्र पडद्यावर उमटवणारा भाग) निवडला की चालतं. वेबसाठी गोडो ४ मध्ये तोच रेंडरर लागतो, तेव्हा सुरुवातीपासून तोच ठेवावा. संवादासाठी डायलॉग मॅनेजर किंवा डायलॉजिक हे प्लगइन घ्यावं. संवाद लिहायची इंक ही भाषा सुंदर आहे, पण गोडो ४ साठीचं तिचं प्रचलित प्लगइन सी-शार्प या प्रोग्रामिंग भाषेवर चालतं आणि गोडो ४ मधला सी-शार्पचा प्रोजेक्ट वेबसाठी निर्यात होत नाही. हे दहाव्या आठवड्यात कळलं तर सगळा संवाद नव्याने बसवावा लागतो.

युनिटी हे गोडोसारखंच दुसरं सॉफ्टवेअर येत असलेल्यांना तेच घ्यावंसं वाटतं. तिथे मराठीची अडचण आहे. मजकूर दाखवणाऱ्या तिथल्या टेक्स्टमेशप्रोमध्ये देवनागरीची जुळणी नीट होत नाही. ‘कि’मधली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते, जोडाक्षरांत पाय मोडलेले दिसतात. गोडो ३ मध्येही हीच गत होती. गोडो ४ मध्ये अक्षरं जुळवणारं हार्फबझ आतच आहे, त्यामुळे युनिकोड फाँट टाकला की अक्षरं जुळतात. फक्त मजकूर युनिकोडमध्येच टंकलेला हवा. जुन्या डीटीपीच्या फाँटात लिहिलेला मजकूर आधी रूपांतरित करून घ्यावा लागतो.

मराठी अक्षरांवर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण मराठी गेम याच ठिकाणी हौशी दिसायला लागतात आणि दोष सहज टाळता येण्यासारखा असतो.

पहिली गोष्ट टाइपरायटरची. संवाद अक्षर-अक्षर उमटवायची पद्धत इंग्रजीत ठीक आहे. ‘स्त्री’ हे डोळ्याला एक अक्षर, पण कॉम्प्युटरला सहा चिन्हं: स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ ई. एकेक चिन्ह उमटवलं की स, स्, स्त, स्त् असं अक्षर मोडत-जुळत येतं आणि डोळ्याला खुपतं. गोडोच्या लेबलमध्ये (मजकुराच्या चौकटीत) ‘व्हिजिबल कॅरेक्टर्स बिहेव्हियर’ ही सेटिंग असते. ती ‘आफ्टर शेपिंग’वर ठेवली की अक्षरं आधी जुळतात आणि मग दिसतात. त्याहून सोपं म्हणजे शब्द-शब्द उमटवणं, दर शब्दाला ०.१२ सेकंद. मला हेच जास्त आवडतं, बोलण्याची लय त्यात येते.

दुसरी, ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’. वाऱ्यावर, कोऱ्या, गोऱ्हा. हा ऱ दोन प्रकारे टंकता येतो. एक, नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य. दुसरा, साधा र, हलन्त, मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण कॉम्प्युटरसाठी ते वेगळे शब्द आहेत. शोधताना सापडत नाहीत, आणि संवादाच्या नावावरून काही ओळखायचं असेल तर जुळत नाहीत. टीममध्ये एकच कीबोर्ड ठरवावा, इन्स्क्रिप्ट किंवा दुसरा कुठलाही, पण सगळ्यांचा तोच. काही संपादकांतून कॉपी करताना ते अदृश्य चिन्ह गळतं आणि ‘वाऱ्या’चा ‘वार्या’ होतो.

तिसरी, मराठीचे ल आणि श. हिंदी वळणाचे ल-श मराठी वाचकाच्या लगेच लक्षात येतात. नोटो सॅन्स देवनागरीसारख्या फाँटात मराठी वळणाची सोय असते, ती चालू होण्यासाठी लेबलची भाषा ‘मराठी’ अशी सांगावी लागते. मुक्ता हाही वाचायला चांगला आणि मुक्त परवान्याचा फाँट आहे. कुठलाही घेतला तरी परवान्याची फाइल प्रोजेक्टमध्ये ठेवावी.

चौथी, आकार. चित्रं पिक्सेलची, ६४०×३६० वर काढलेली असली तरी अक्षरं पिक्सेलची करायचा हट्ट धरू नये. रफार, वेलांटी, मात्रा वर आणि उकार खाली, एवढं सगळं आठ-दहा पिक्सेलांत मावत नाही. प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये स्ट्रेच मोड ‘व्ह्यूपोर्ट’ असेल तर अक्षरंही ६४०×३६० वरच कोरली जातात आणि मोठ्या पडद्यावर करवतीसारखी दिसतात. ‘कॅनव्हास आयटम्स’ ठेवला की अक्षरं खऱ्या पडद्याच्या मापाने निघतात. फाँट १६, ओळीची उंची फाँटच्या दीडपट, चौकटीत दोनच ओळी, जास्तीत जास्त सोळा-अठरा शब्द. ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर बसतो.

चित्रांकडे वळू. वर्ष आधी ठरवावं, कारण त्यावर सगळं अवलंबून आहे. किल्लारी परिसरातलं गाव घेतलं आणि काळ ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाआधीचा असेल तर घरं दगड-मातीची, माळवदाची, बोळ अरुंद. त्यानंतरचा असेल तर पुनर्वसित गाव, सरळ रस्ते, आखीव घरं. फोन मोबाइल की नाण्याचा डबा, हेही वर्षावर ठरतं. मग शेत: येळवशीला ज्वारी तिसरीतल्या पोरीच्या डोक्याहून उंच झालेली असते, तुरीच्या शेंगा भरलेल्या, हरभरा फुला-घाट्यात. काळी माती, ज्वारीचा निळसर हिरवा, तुरीचा पिवळा. रंगपेटी चोवीस रंगांत बसवावी. पोरगी ४० पिक्सेल उंच आणि मोठी माणसं ७२ ठेवली की काही न सांगता ती लहान दिसते. ज्वारीचा थर पोरीच्या पुढूनही न्यावा, म्हणजे ती पिकात शिरली की नुसती बिंदगी दिसते.

श्रम वाचवायचे दोन मार्ग आहेत. चारही प्रहरांसाठी वेगळी चित्रं काढू नयेत. एकाच चित्रावर ‘कॅनव्हास मॉड्युलेट’ने रंगछटा चढवावी: पहाटे निळी, दुपारी पांढरी, साडेपाचला केशरी, हेंडग्याच्या वेळी जवळपास काळी आणि ज्वाळेपाशी एक दिवा. या दिवसांत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या आसपास मावळतो, सावल्या त्या बेताने लांब ठेवाव्यात. दुसरं, चालता बैल काढायला घेऊ नये. चार पायांचं चालणं नीट जमायला सहा ते आठ चित्रं आणि खूप सराव लागतो. गाडी सोडलेली आणि बैल बसून रवंथ करताहेत, हे तीन चित्रांत होतं आणि पाहणाऱ्याला खरं वाटतं.

आवाज फोनवर घ्यावा, पण वाऱ्याची काळजी घेऊन. शेतातला वारा माइकवर आदळला की नुसती फडफड येते आणि ती नंतर काढता येत नाही. फोनच्या माइकवर जाडसर सुती कापड गुंडाळावं, वाऱ्याकडे पाठ करून अंगाच्या आडोशाने धरावा. मोटारी सुरू व्हायच्या आधी, पहाटे जावं. प्रत्येक जागेचा साठ सेकंदांचा नुसता वातावरणाचा आवाज घ्यावाच. गेममध्ये दोन संवादांच्या मधल्या शांततेत तोच वाजत राहतो, आणि तो नसेल तर थांबे बिघाडासारखे वाटतात. बरेच फोन एम४ए फाइल देतात, ती गोडो घेत नाही. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादकात आणून लांब आवाज ऑगमध्ये, भाकरी थापणं किंवा घुंगरमाळ यांसारखे छोटे आवाज वेव्हमध्ये काढावेत. आजीकडून ओवी गाऊन घेतली तर ती कशासाठी वापरणार, कुठे दिसेल हे तिला आधी सांगावं आणि तिचा होकार रेकॉर्ड करून ठेवावा. रेडिओवर म्हणून सिनेमाचं गाणं टाकू नये, परवानगी मिळत नाही आणि गेम उतरवावा लागतो.

काम एकत्र ठेवायला गिट (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) शिकायला दोन दिवस द्यावेत. ‘.गोडो’ हे फोल्डर गिटमध्ये टाकायचं नाही, चित्रांशेजारच्या इम्पोर्ट फाइली मात्र टाकायच्या. एका सीनच्या फाइलवर एका वेळी एकानेच काम करायचं. दोघांनी एकच सीन हलवला की जुळवताना तो बहुधा उघडतच नाही. १०० एमबीपेक्षा मोठी फाइल गिटहब (गिटचं काम ठेवायचं संकेतस्थळ) घेत नाही, म्हणून चित्रांच्या कच्च्या फाइली वेगळ्या ठेवाव्यात. वीज जाण्याची वेळ ठाऊक असेल तर त्याआधी पंधरा मिनिटं सगळ्यांनी कमिट करून (बदल नोंदवून) पाठवायचं, हा नियमच करावा.

बारा आठवड्यांपैकी चौथ्याच्या अखेरीस गेम सुरुवातीपासून शेवटापर्यंत चालायला हवा, भले सगळी माणसं राखाडी चौकोन असोत. आठव्याला चित्रं-आवाज बसलेले, नवव्यापासून नवी गोष्ट बंद. चौथ्या आठवड्यात शेवट गाठला नसेल तर एक जागा कापावी. या उदाहरणात मी गाडीवाट ठेवीन आणि घराचा प्रसंग छोटा करीन.

चाचणीला पाच-सहा जण पुरतात. दोन आठ-दहा वर्षांची लेकरं, एक शहरात वाढलेला, एक येळवस माहीत असलेली बाई, एक कधीच गेम न खेळलेलं माणूस. मागे बसावं आणि तोंड बंद ठेवावं. बोट कुठे अडतं, कुठला मजकूर न वाचता पुढे ढकलला जातो, एवढंच वेळेसकट लिहावं. आंबील म्हणजे काय असं शहरातल्याने विचारलं तर शब्दार्थाची चौकट लावू नका, आजीला ताकात ज्वारीचं पीठ कालवताना दाखवा. शेवटी एकच प्रश्न विचारावा: त्या उंड्याचं काय झालं? उत्तर देताना माणूस थोडा थांबला तर प्रसंग उभा राहिलाय. “कुठला उंडा?” असं आलं तर उंडा शिंकाळ्यात ठेवतानाचा क्षण खेळणाऱ्याच्या हातून घडतोय का ते तपासावं. आपोआप दाखवलेला क्षण लक्षात राहत नाही.

प्रकाशनासाठी इच.आयओ हे गेमचं संकेतस्थळ सोपं पडतं. वेबची निर्यात करताना थ्रेड्स बंद ठेवावेत (ही सोय गोडो ४.३ पासून आहे), म्हणजे जास्त ब्राउझरांत चालतं. मुख्य फाइलचं नाव इंडेक्स.एचटीएमएल असावं आणि ती झिपमध्ये अगदी वरच्या पातळीवर असावी. विंडोजवर चालणारा गेम वेबवर चित्राविना उघडला तर बहुतेक वेळा फाइलच्या नावात कॅपिटल-स्मॉलचा घोळ असतो. नावं सगळी स्मॉलमध्येच ठेवावीत. पहिल्या स्पर्शाआधी ब्राउझर आवाज वाजू देत नाही, म्हणून सुरुवातीला ‘चला’ असं एक बटण हवंच. प्ले स्टोअरवर जायचं तर एकदाच २५ डॉलर भरावे लागतात, आणि १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेल्या वैयक्तिक खात्याला आधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. हे दिवस येळवशीच्या आधी धरून ठेवावेत.

सगळ्यात शेवटी श्रेयनामावली. ज्यांनी आवाज दिला, ज्यांच्या शेतात रेकॉर्डिंग झालं, ज्यांनी बोली तपासली, त्यांना नाव कसं लिहायचं ते विचारून घ्यावं आणि जुन्या, स्वस्त फोनवर ती यादी सावकाश सरकवून वाचावी. आडनावातला एखादा ‘ऱ्हा’ किंवा ‘ऱ्ये’ तुटलेला दिसला तर अपलोड थांबवावं, नाव नीट करावं आणि पुन्हा निर्यात करावी.